खोली नंतर रंगवा: दत्तक मूल घरी येण्याआधीची तयारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गृहभेटीचा अहवाल झालाय, नाव प्रतीक्षायादीत आहे आणि दोन ते चार वर्षांचं मूल येईल असं सांगितलं गेलंय. घरात सात वर्षांची मुलगी आहे, आजी-आजोबा आहेत आणि आजोबांचं मन अजून पुरतं वळलेलं नाही. खोली कशी तयार करायची, नातेवाइकांना काय सांगायचं, मुलाला ते दत्तक असल्याचं कधी सांगायचं आणि रजा किती घ्यायची, हे तुम्हाला हवंय. मी दत्तकपूर्व समुपदेशन आणि मूल आल्यानंतरच्या पाठपुराव्याच्या भेटी, दोन्ही करते, त्यामुळे आधीचं आणि नंतरचं असं दोन्ही घर मला बघायला मिळतं.

तुमच्या दृष्टीने मूल घरी येणार आहे. त्याच्या दृष्टीने मात्र त्या दिवशी त्याला ओळखीच्या जागेतून उचलून अनोळखी माणसांच्या हाती दिलं जाणार आहे. ते आजवर राहिलं ती संस्था कितीही साधी असो, तिथली गादी, शेजारच्या गादीवरचं मूल, जेवणाची ठरलेली वेळ, सांभाळणाऱ्या एखाद्या ताईचा आवाज हेच त्याचं जग असतं, आणि ते एका दिवसात सुटतं. घराची तयारी या एका गोष्टीला धरून करा. नव्या गोष्टी जितक्या कमी, तितकं त्याला सोपं.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात समाजसेवक जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनच्या हॉस्पिटलांत आईवडिलांपासून दूर ठेवलेल्या लहान मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी त्यांच्याबरोबर याच विषयावर काम करत होते. त्यांना दिसलं ते असं: मूल आधी आकांत करतं, मग खचतं, आणि शेवटी शहाण्यासारखं वागू लागतं. परिचारिकांना वाटायचं, चला, रुळलं एकदाचं. प्रत्यक्षात त्याने वाट बघणं सोडलेलं असायचं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मूल अगदी गुणी निघालं तर सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. ताटात वाढलं की खातं, झोपवलं की झोपतं, पडलं तरी रडत नाही. मग एक दिवस बांध फुटतो. फेकाफेक, चावणं, तासभर रडणं सुरू होतं आणि पालक घाबरून फोन करतात की हे अचानक बिघडलं कसं. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की इथे रडलं तर कुणीतरी येतं, हे त्याला आता कळलंय.

आता खोली. खोली नंतर रंगवा. जे मूल आजवर दहा-पंधरा मुलांच्या गलक्यात झोपलंय, ते स्वतंत्र खोलीतल्या शांततेत बिथरतं. त्याची गादी तुमच्या खोलीत, हात लांब केला की पोहोचेल अशी घाला. मंद दिवा ठेवा, रात्री डोळे उघडले की माणूस दिसलं पाहिजे. (एक वर्षाच्या आतलं बाळ आलं तर मात्र त्याला त्याच खोलीत, पण वेगळ्या पाळण्यात, कडक गादीवर, पाठीवर झोपवायचं, उशी, मऊ खेळणी काही नको.) खेळणी तीन-चार पुरेत. खेळण्यांनी गच्च भरलेल्या खोलीत मी मुलांना एकेक वस्तू उचलून टाकताना आणि शेवटी भोकाड पसरताना पाहिलंय, आणि बाजूला हिरमुसलेले आईबाबा: एवढं आणलं तरी रमत नाही! त्याने रमावं कसं? त्यातली एकही वस्तू त्याच्या ओळखीची नसते.

सुरक्षिततेचा बंदोबस्त मुलाच्या वयाकडे बघून करू नका. तीन वर्षांचं मूल म्हटलं की आपण धरून चालतो, शेगडी भाजते हे त्याला ठाऊक असणार. संस्थेत वाढलेलं मूल कित्येकदा स्वयंपाकघरात गेलेलंच नसतं. जिना, काचेचं दार, पाळीव कुत्रं, गरम इस्त्री सगळंच त्याला नवीन. त्यामुळे रांगत्या बाळासाठी करतो तेवढी तयारी करा: औषधं आणि फरशी पुसायची द्रव्यं कुलपात, उंच कपाटं भिंतीला पक्की, पडद्यांच्या दोऱ्या वर बांधलेल्या, खिडक्यांना गज किंवा जाळी. गीझर ४९ अंश सेल्सिअसच्या आसपास आणून ठेवा. ६० अंशांच्या पाण्याने लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजते. आणि बाहेरच्या दाराला वर कडी हवी. दार उघडं दिसलं तर ते कुणाच्याही मागे निघून जाऊ शकतं, कारण मोठं माणूस म्हणजे सारखंच, असं ते आजवर जगलंय.

यानंतर ज्या तयारीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ती. मुलाला भेटायला जाल तेव्हा कागदांवर सह्या करून परतू नका. कार्यालयातल्या माणसापेक्षा त्याला रोज आंघोळ घालणाऱ्या बाईंशी बोला. तो कुशीवर झोपतो की पालथा? झोपताना थोपटतात, की आपला आपण झोपतो? लघवी लागली की काय म्हणतो? पाणी डोक्यावर ओतलं तर घाबरतो का? कशाला बुजतो, कुणावर त्याचा जीव आहे, लाडाने काय हाक मारतात? साबण, तेल कुठलं? तोच साबण आणि तेच तेल घरी काही आठवडे वापरा. त्याची चादर किंवा पांघरूण मागून घ्या आणि आणल्या आणल्या धुवायला टाकू नका. घरातली स्वच्छताप्रेमी मंडळी नेमकी हीच गोष्ट पहिल्या दिवशी करतात, तेव्हा आजींना हे आधीच सांगून ठेवा. त्या कळकट चादरीचा वास हीच काही दिवस त्याच्या ओळखीची एकमेव गोष्ट असते.

उलट दिशेनेही काही पाठवता येतं. तुम्ही दोघं, तुमची मुलगी, आजी-आजोबा, घराचं दार, त्याची गादी अशा फोटोंची छोटी वही आधी पोहोचवा आणि तिथल्या ताईंना ती रोज दाखवायला सांगा. संस्थेचे, तिथल्या माणसांचे, त्याच्या जागेचे फोटो काढायची परवानगीही मागा. त्याचं नाव लगेच बदलू नका. नवं ठेवायचंच असेल तर जुनं सोबत राहू द्या. त्याची भाषा वेगळी असेल तर पाणी, दुखतंय, शू, झोप, भूक, मी इथेच आहे, एवढी दोन डझन वाक्यं तुम्ही शिकून ठेवा. आणि फाइलमधला प्रत्येक कागद, अगदी निरुपयोगी वाटणारी चिठ्ठीसुद्धा, प्रत काढून जपा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं सातवं आणि आठवं कलम शक्य तिथवर आपले आईवडील कोण हे जाणण्याचा आणि आपली ओळख टिकवण्याचा मुलाचा हक्क मानतं. तो हक्क पंधराव्या वर्षी बजावायचा झाला तर हातात असतात ते हेच कागद.

खाण्याबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. एका घरात उशीचा अभ्रा बदलताना आत वाळलेले तुकडे सापडले, मुलगी चार वर्षांची. तिला कुणीही उपाशी ठेवलेलं नव्हतं. पण जिथे वाढून झालं की भांडी उचलली जातात तिथे पुढच्या जेवणाची खात्री पोटाला नसते. अशी मुलं लपवून ठेवतात, किंवा ओकारी येईपर्यंत खातात. रागावू नका, लपवलेलं काढून त्याला दाखवू नका. त्याच्या हाताला येईल असा एक डबा ठेवा, त्याच्या नावाचा, कायम भरलेला, आणि तो कधीही उघडायची मुभा द्या. त्या घरात आईने रोज रात्री झोपण्याआधी मुलीला डबा उघडून दाखवायला सुरुवात केली. काही आठवड्यांनी मुलीनेच तो बघणं सोडलं.

आता घरातली माणसं. इथे मी थोडी कडक होते.

पहिले दोन-तीन महिने भरवणं, आंघोळ घालणं, झोपवणं, लागलं-पडलं तर जवळ घेणं हे फक्त तुम्ही दोघांनी करायचं. आजी-आजोबांनी खेळावं, बोलावं, पण मूल रडलं की ते उचलून तुमच्याकडे द्यावं. आजींना हे लागणार, हे मला माहीत आहे. पण बरीच मुलं पहिल्या दिवसापासून दिसेल त्याच्या मांडीवर जाऊन बसतात, गळ्यात पडतात, आणि सगळे कौतुक करतात की किती माणसाळू आहे! संस्थेत माणसं पाळ्यांप्रमाणे बदलत असतात, म्हणून मूल जो समोर येईल त्याच्याकडून माया मिळवायला शिकलेलं असतं. आपली माणसं कोणती हे त्याला अजून उमगलेलं नसतं. आधी दोन माणसं पक्की झाली की बाकीची नाती त्यावर बसतात. आजींना नुसतं 'घेऊ नका' म्हणू नका, काम द्या: घराची व्यवस्था आणि मोठीला भरपूर वेळ. तुम्हाला त्या काळात नेमकी तीच मदत लागणार आहे.

स्वागत समारंभ नको. पाहुण्यांना पंधरा-पंधरा मिनिटांसाठी, दोन-दोन करून, तेही महिन्याभरानंतर बोलवा.

आजोबांचं मन एका बैठकीत वळणार नाही आणि वळवायच्या मागे लागूही नका. रक्ताचं कसं होणार, गुण कुठले येतील, ही भीती ते बोलून दाखवताहेत हे खरं तर सोयीचं आहे. जे काहीच बोलत नाहीत त्यांची मला जास्त काळजी वाटते. त्यांना वाद घालून हरवण्यापेक्षा विचारा की नेमकी कशाची भीती वाटते. बहुतेकदा उत्तर साधं असतं: आपल्याला लळा लागेल आणि मोठं झाल्यावर ते निघून जाईल. दत्तक घेतलेली मोठी मुलं असलेल्या एखाद्या कुटुंबाशी त्यांची गाठ घालून द्या, माझ्या दहा वाक्यांपेक्षा तो एक तास जास्त काम करतो. पण एक अट ठाम ठेवा. मनात काहीही असो, मुलासमोर आणि मोठीसमोर दोघांत फरक करायचा नाही, वस्तूंत नाही, बोलण्यातही नाही. ते जमणार नसेल तर तसं आत्ताच कळलेलं बरं. म्हणजे कोण कुठे राहणार हा निर्णय मूल यायच्या आत घेता येतो.

बाहेरच्यांना काय सांगायचं? मूल दत्तक आहे हे लपवू नका. पण ते कुठून आलं, त्याच्या आईचं काय झालं, संस्थेत कसं पोहोचलं, ही त्याची खासगी गोष्ट आहे. ती आज तुम्ही सख्ख्या बहिणीला सांगितली तर आठ वर्षांनी तिच्याच घरातलं मूल त्याला ती ऐकवेल. शेवटी ती त्याला कुणा चुलतभावाच्या तोंडून कळण्याइतकं वाईट दुसरं काही नाही. वाक्यं आधीच ठरवा आणि दोघांनी मोठ्याने म्हणून बघा. "ते त्याचं आहे, मोठा झाला की हवं तर तोच सांगेल." "पुण्याचं काम केलंत" म्हटलं की "आम्हाला मूल हवं होतं" इतकंच म्हणा. मुलाला कुणी नशीबवान म्हणालं तर नशीब आमचं म्हणा आणि विषय बदला. आपण उपकारात वाढतोय असं वाटणारं मूल घरात हट्ट करायलाही कचरतं.

तुमच्या मुलीकडे या. भाऊ किंवा बहीण येणार, खेळायला सोबत मिळणार, हे आश्वासन तिला देऊ नका. जे येईल ते सुरुवातीला तिच्याशी खेळणार नाही, तिच्या वस्तू मोडेल, आईला चिकटून बसेल. तेच तिला आधी सांगा. कुलूप लागणारं एक कपाट तिचं, त्यातलं काहीही वाटून घ्यायची सक्ती नाही. रोज वीस मिनिटं दोघांपैकी एकाने फक्त तिच्याबरोबर, दार लावून. तो मला आवडत नाही, परत पाठवा, असं ती एकदा तरी म्हणेल. असं बोलू नये म्हणून गप्प केलंत तर ती बोलायची थांबेल, पण वाटायचं थांबणार नाही. शिवाय, परत पाठवता येतं का, हा प्रश्न ती स्वतःबद्दलही विचारत असते. कुणालाच पाठवत नाहीत, तुलाही नाही आणि त्यालाही नाही, हे तिला तुमच्या तोंडून ऐकायचं असतं.

डॉक्टर आधीच ठरवा, शक्यतो संस्थेतून आलेली मुलं तपासलेले. पहिल्या एक-दोन आठवड्यांत संपूर्ण तपासणी: वजन-उंची-डोक्याचा घेर, कान, डोळे, दात, हिमोग्लोबिन, शिशाचं प्रमाण, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, क्षयरोग, शौचातले जंत. काही चाचण्या सहाएक महिन्यांनी पुन्हा कराव्या लागतात, कारण अगदी ताजा संसर्ग पहिल्या चाचणीत निसटतो. लसीकरणाचं कार्ड अपुरं किंवा शंकास्पद असेल तर काही लशींच्या बाबतीत रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तपासता येतात, नाहीतर डॉक्टर लशी पुन्हा देतात. मूल वयाच्या मानाने लहान दिसलं तर घाबरू नका. घरात आल्यावर उंची-वजन बहुतेकदा झपाट्याने भरून निघतं, आणि त्याच भरात लोह कमी पडू शकतं, म्हणून हिमोग्लोबिनवर नंतरही लक्ष ठेवायचं.

उशीर झालाय का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण दोन ते चार वर्षं हे वय ऐकून ते मनात येणारच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रुमानियातल्या अनाथालयांमधून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. संस्थेत सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेली मुलं पुढे इतरांसारखीच वाढली, त्याहून जास्त राहिलेल्यांमध्ये अडचणींचं प्रमाण वाढलेलं होतं. पण त्यांच्यातही काही मुलं मोठेपणापर्यंत व्यवस्थित राहिली. शिवाय तिथली हलाखी टोकाची होती, प्रत्येक संस्था तशी नसते. तेव्हा मूल किती दिवस संस्थेत होतं, एका ताईकडे किती मुलं असायची, मध्ये जागा किती वेळा बदलली, हे विचारून घ्या. त्याच्या वयापेक्षा ही माहिती जास्त बोलते.

दत्तक असल्याचं कधी सांगायचं? तो दिवस यायलाच नको. तीन-चार वर्षांच्या मुलाला स्वतःचं आठवतच असतं, तान्ह्यालाही मांडीवर असल्यापासून सांगावं. संस्थेच्या फोटोंची वही पुस्तकांच्या कपाटात ठेवा, मूल मागेल तेव्हा वाचा. तू एका बाईंच्या पोटातून जन्मलास, त्यांना तुला सांभाळता आलं नाही, मग ताईंनी सांभाळलं, मग आम्ही आलो. लहानपणी एवढं पुरे. तिचं तुझ्यावर फार प्रेम होतं म्हणून तिने तुला दिलं, असं मात्र सांगू नका. ऐकायला गोड आहे, पण मूल त्यातून हिशोब मांडतं: प्रेम असलं की सोडून जातात, मग तुम्ही कधी जाणार? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॉडझिन्स्की यांनी १९८० च्या दशकात मुलांना दत्तक म्हणजे काय कळतं याचा अभ्यास केला. लहान मुलं ती गोष्ट हसतखेळत सांगतात, पण तिचा अर्थ शाळेच्या पहिल्या वर्षांत उमगू लागतो: मला घ्यायला कुणी आलं, म्हणजे आधी कुणीतरी मला सोडलं असणार. सात-आठ वर्षांचं मूल अचानक गप्प किंवा चिडचिडं झालं तर सगळं बिघडलं असं समजू नका. त्याच्याजवळ बसा, आणि उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.

शिस्तीबद्दल एकच सांगते: खोलीत एकटं बसवायची शिक्षा या मुलांना देऊ नका. रागाच्या भरात असलं तरी त्याच खोलीत, जवळ बसून, कमी बोलून थांबा. मारणं तर नाहीच.

रजा जितकी मिळेल तितकी घ्या, आणि दोघांची पाठोपाठ लावा, सगळी एकत्र नको. पहिले एक-दोन आठवडे दोघं घरी, मग एक जण सलग काही महिने. पाळणाघर किंवा शाळा कागदावर शक्य असलं तरी लगेच सुरू करू नका. पुन्हा नवी जागा, नव्या ताई, म्हणजे त्याच्या लेखी पुन्हा तेच. या काळात एक पगार कमी धरून घरखर्चाची जुळवणी आधीच करून ठेवा.

आणि तुम्ही दोघं. मूल होत नाही म्हणून जे रडणं राहून गेलं असेल, किंवा दुसऱ्यांदा राहिलं नाही याचा सल असेल, त्यावर आत्ता बोला, समुपदेशकासमोर बोललात तर उत्तमच. एक जण उत्साहात आणि दुसरा त्याच्या मागे ओढला जातोय, असं असेल तर आत्ता थांबणं सोपं आहे. मूल आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काहीच वाटत नाही, नुसता थकवा येतो, कुणा परक्याचं मूल सांभाळतेय असं वाटतं, हे मला अनेक आया आणि काही बाबाही हळू आवाजात सांगतात. त्यात विशेष काही नाही, माया रोजच्या भरवण्या-न्हाण्यातून येते. मात्र झोप उडाली, सतत रडू येतंय, मुलाजवळ जावंसंच वाटत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर ते नैराश्य असू शकतं, आणि ते जन्म न देताही येतं. डॉक्टरांकडे जा. पाठपुराव्याला आमच्यापैकी कुणी आलं की घर आवरून "सगळं छान चाललंय" म्हणू नका. त्या भेटीत अडचण सांगितली म्हणून मूल काढून नेत नाहीत. न सांगितलेली अडचण सहा महिन्यांनी आमच्याकडे येते तेव्हा फार गुंतलेली असते. दत्तक मुलांबरोबर काम करणाऱ्या एका समुपदेशकाचा नंबर आत्ताच, वाट बघण्याच्या काळातच, शोधून ठेवा आणि गरज नसताना एकदा भेटून या.